सांधेदुखी आणि सोबत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी कोणीतरी एखाद्या उपयुक्त विषयावर चार शब्द सांगावेत, अशी आपल्या मंडळाची चाल आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. कार्यवाहबाईंनी विषय विचारला तेव्हा मी ‘सांधेदुखी’ असे सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अहो, हे दुखणे तर घरोघरचे आहे. त्याच्यावर भाषण कसले करणार?” ते घरोघरचे आहे आणि तरीही त्याविषयी कोणी धड बोलत नाही, म्हणूनच मी हा विषय घेतला.

प्रथमच सांगते की, मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. कोणते औषध घ्यावे हे मी सांगणार नाही. गेली चौदा वर्षे आमवाताबरोबर संसार करणारी एक बाई, एवढाच माझा अधिकार आहे. या दुखण्यात माणसाला माणसाची सोबत कोठे मिळेल आणि ती आपल्या गावात कशी उभी करता येईल, एवढाच माझा आजचा विषय आहे.

आपल्या सभेकडे जरा पाहा. काहीजणी सतरंजीवर बसल्या आहेत, काहीजणी मागे खुर्च्यांवर आहेत. आणि काहीजणी आलेल्याच नाहीत. पाच-सहा वर्षांमागे ज्या प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक भजनाला पुढे असत, त्यांच्यापैकी कितीतरी जणी हळूहळू यायच्या बंद झाल्या. विचारले तर “घराकडे काम आसा” असे उत्तर मिळते. खरे कारण निराळे असते. खाली बसले तर उठताना दुसरीचा हात धरावा लागतो, चार बायकांदेखत कण्हावे लागते, त्याची लाज वाटते. “उठाक-बसाक जमणा नाय” हे बाहेर सांगण्यापेक्षा घरी राहिलेले बरे, असे त्यांना वाटते. दुखणे गुडघ्यात असते, पण त्यामुळे तुटते ते येणे-जाणे. या तुटण्याची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही.

आपल्या कोकणातल्या बाईचे आयुष्य सांध्यांच्या जिवावर चालते. पावसाळ्यात चिखलात वाकून लावणी, मग बेणणी, मग कापणी. घरात आडाळ्यावर बसून नारळ खवणे, पाट्यावर वाटप वाटणे, चुलीपुढे उकिडवे बसणे, विहिरीचे पाणी ओढणे. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन वाडीवाडीतून फिरणाऱ्या भगिनींचे तर बोलायलाच नको. एवढे करून पन्नाशी उलटली की “आता वय झाला, असाच चलतला” म्हणून आपणच आपल्या दुखण्याची बोळवण करतो. उंडीचे तेल चोळावे, निगडीच्या पाल्याने शेकावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागावे, हा आपला क्रम. तेल चोळल्याने आणि शेकल्याने बरे वाटते, त्याला माझी ना नाही. परंतु कोणत्या दुखण्याला शेक पुरतो आणि कोणत्याला पुरत नाही, हे कळले पाहिजे.

सांधेदुखीचे शंभराहून अधिक प्रकार डॉक्टर मानतात. आपल्याला त्यांपैकी दोन ओळखता आले तरी पुष्कळ झाले. पहिला प्रकार झिजेचा. सांध्यातली कूर्चा वयाने, वजनाने आणि कामाने झिजते. हे बहुधा गुडघ्यात होते, चालताना दुखते आणि विसावा घेतला की कमी होते. दुसरा प्रकार आमवाताचा, ज्याला इंग्रजी वैद्यकात रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. यात शरीराची स्वतःचीच संरक्षक शक्ती उलटून सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. बोटांचे व मनगटांचे लहान सांधे दोन्ही हातांना सारखेच सुजतात. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. पुष्कळदा अंगात कणकण असते, थकवा येतो. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुप्पट-तिप्पट आढळतो आणि तो म्हातारपणाची वाट पाहत नाही. तिशी-चाळिशीतल्या, लेकुरवाळ्या बाईलाही गाठतो. आणि यात वेळेला फार किंमत आहे. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाले तर सांधे वाचवता येतात. एकदा बोटे वाकडी झाली की ती औषधाने सरळ होत नाहीत.

आता विचार करा. तिशीतल्या सुनेची बोटे सकाळी वळत नाहीत, आणि घरात सगळ्यांना ठाऊक असलेली सांधेदुखी म्हणजे आजीचे गुडघे. मग त्या सुनेला “एवढ्या वयात कसला वात? आळस आहे” असे ऐकावे लागते. माझे दुखणे ओळखले जायला दीड वर्ष गेले. त्या दीड वर्षात मला असे दुखणे असलेली दुसरी एकही बाई भेटली नाही. जगात मी एकटीच अशी आहे, असे मला वाटत असे.

मी एकटी नव्हते, याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुणे–सोलापूर रस्त्यावर भिगवण नावाचे गाव आहे. तेथे १९९६ साली पुण्याचे सांधेरोगतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या एका योजनेनुसार घरोघर पाहणी केली. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून दारोदार पाठवले आणि सुमारे चार हजार प्रौढ स्त्री-पुरुषांना विचारले की, बाबांनो, तुमचे काय दुखते? शंभरात अठरा माणसे कोणत्या ना कोणत्या हाडा-सांध्याच्या दुखण्याने त्रासलेली निघाली. आमवाताचे प्रमाण सुमारे दोनशे प्रौढांत एक असे आले. या हिशेबाने पाच हजार प्रौढांच्या गावात आमवाताची पंचवीस माणसे असायची. पंचवीस माणसे म्हणजे एक चांगले भजनी मंडळ झाले! मात्र ती एकमेकांना ओळखत नाहीत. एक या वाडीत कण्हते, दुसरी त्या वाडीत.

या हिशेबात चिकुनगुन्या धरलेला नाही. हा ताप महाराष्ट्राला नवा नाही. सोलापूर जिल्ह्यात बार्शीस १९७३ साली त्याची साथ आली होती. पुढे तीस-बत्तीस वर्षे तो दिसेनासा झाला आणि २००५–०६ साली देशभर पुन्हा उसळला. आफ्रिकेतल्या ज्या भाषेतून हे नाव आले तिच्यात त्याचा अर्थ ‘वाकवून टाकणारा’ असा आहे. ज्यांना तो झाला त्यांना अर्थ सांगावा लागत नाही. ताप आठवड्यात जातो, सांधे मात्र काहींचे कित्येक महिने धरून राहतात.

तेव्हा माणसे आहेत. ती एकत्र आल्याने काय साधते, हा पुढला प्रश्न. “दहा दुखणाइतांनी जमून रडगाणे गायचे, त्यात काय मिळणार?” असे कोणी विचारील. याचे उत्तर अमेरिकेत एका परिचारिकेने शोधले. केट लॉरिग हे तिचे नाव. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिने सांधेदुखीच्या लोकांसाठी एक वर्ग काढला. दहा-पंधरा माणसांनी सहा आठवडे, आठवड्यातून एकदा दोन तास जमायचे. शिकवणारे डॉक्टर नव्हते. ज्यांना स्वतःला सांधेदुखी आहे अशीच साधी माणसे थोडे शिक्षण घेऊन हा वर्ग चालवीत. व्यायाम कसा करावा, कामाची वाटणी कशी करावी, डॉक्टरांना प्रश्न कसे विचारावेत, उदास वाटले तर काय करावे, असे विषय घेत. आणि प्रत्येकाने पुढल्या आठवड्यात आपण काय करणार ते सर्वांसमोर सांगायचे. “दररोज व्यायाम करीन” असे मोघम नव्हे, तर “सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा मिनिटे चालेन” असे नेमके. पुढल्या खेपेस ते जमले की नाही ते सांगायचे.

चार वर्षांनी त्या माणसांची पुन्हा चौकशी केली तेव्हा काय दिसले, ते १९९३ साली प्रसिद्ध झाले. वेदना सरासरीने शंभरातील वीस भागांनी कमी झाल्या होत्या. डॉक्टरांकडच्या खेपा शंभराच्या जागी साठांवर आल्या होत्या. रोग काही नाहीसा झाला नव्हता. उलट काळाप्रमाणे सांध्यांची असमर्थता थोडी वाढलीच होती. तरीही दुखणे कमी वाटत होते. याचे कारण शोधता असे आढळले की, कोणी किती व्यायाम केला यापेक्षा, ‘माझ्या दुखण्यावर माझा काही ताबा चालतो’ हा भरवसा ज्यांच्यात वाढला त्यांना अधिक गुण आला. असा भरवसा गोळीतून मिळत नाही. आपल्यासारखीच दुसरी बाई आपल्या डोळ्यांदेखत उठून चालू लागली, म्हणजे तो येतो.

आपल्या महाराष्ट्रातही ही रीत नवी नाही. पुण्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. तेथे व्यसनी माणसांचे गट आहेत, तसाच त्यांच्या बायकांचाही ‘सहचरी’ नावाचा गट आहे. कंपवाताच्या लोकांसाठी पुण्यातच पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. आणि आपण बचत गटाच्या बायका! दहा-वीस जणींनी ठरल्या दिवशी जमावे, वहीत नोंद करावी, अडलेलीला हात द्यावा, हे आपल्याला कोणी अमेरिकेतून येऊन शिकवायला नको. पैशांची बचत करता करता आपण कितीतरी घरची दुखणी एकमेकींना सांगितली आहेत. आता तेच काम थोड्या शिस्तीने करावयाचे आहे.

प्रथम, चालू असलेला गट कसा शोधावा ते सांगते. सांधेरोगाचे तज्ज्ञ शहरांतून असतात. आपल्याकडून माणसे बांबोळीला, कोल्हापूरला, मुंबईला वा पुण्याला जातात. तेथे गेल्यावर केवळ चिठ्ठी घेऊन परतू नये. “तुमच्या रुग्णांचा काही गट जमतो का?” असे डॉक्टरांना, परिचारिकेला, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना विचारावे. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांशी बोलावे. माझी पहिली ओळख अशा बाकावरच झाली. दरवर्षी १२ ऑक्टोबरला जागतिक संधिवात दिन पाळतात, त्या सुमारास शहरांत रुग्णांचे मेळावे भरतात. ज्यांची मुले मुंबई-पुण्यास आहेत त्यांनी मुलांना चौकशी करायला सांगावे. आताशा असे गट फोनवरूनही जमतात. ज्या भगिनीला घराबाहेर पडवत नाही तिला त्याचा मोठा आधार आहे.

पण प्रत्येक गट चांगला असतोच असे नाही. चांगल्या गटाच्या खुणा मी तुम्हांला सांगते. तेथे कोणी काही विकत नसावे. चूर्ण, तेल, पट्टा किंवा गादी विकायला जो गट जमवतो तो दुकानदार समजावा. तेथे कोणी “डॉक्टरांचे औषध बंद करा” असे सांगत नसावे. तेथे ऐकलेली गोष्ट बाहेर जात नसावी. आणि तेथून परतताना मन थोडे हलके झालेले असावे.

नाव नसलेल्या पुड्यांविषयी येथेच सांगते. दोन दिवसांत वेदना पळवणाऱ्या अशा काही पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले असते. बाईला वाटते, चमत्कार झाला. पुढे तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि एकाएकी पुडी बंद केली तर जिवावर बेतते. डॉक्टरही काही वेळा स्टेरॉईड देतात, पण ते मोजून आणि लक्ष ठेवून. ज्या औषधावर नाव नाही ते पोटात घालू नये.

दुसरी सावधगिरी अशी. आमवातावर मेथोट्रेक्सेट नावाचे औषध पुष्कळांना देतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून कोणी ते रोज घेतले तर रक्तावर भयंकर परिणाम होऊन प्राण जाण्याचीही भीती असते. ज्या तरुणीला मूल हवे आहे तिने हे औषध चालू असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगितले पाहिजे, कारण गरोदरपणी ते चालत नाही. ज्यांना वाचता येत नाही, ज्यांच्या गोळ्या सून किंवा नातू काढून देतो, अशा घरी गटातल्या एखादीने जाऊन डबीवर ‘फक्त रविवार’ असे ठळक लिहून दिले, तर ती मोठी सेवा होईल.

आता आपल्या गावाचा विचार. माझी सूचना अशी की, महिन्यातून दोनदा, दुपारी तीन ते पाच, आपल्याच मंडळाच्या जागेत हा गट जमावा. खुर्च्या मांडाव्यात, कोणीही खाली बसणार नाही, म्हणजे कोणालाच लाज वाटणार नाही. प्रथम प्रत्येकीने दोन मिनिटे बोलावे, मधे कोणी तोडू नये. मग अर्धा तास व्यायाम करावा. खुर्चीत बसून एक पाय सरळ करावयाचा, मांडी आवळून पाच-दहा अंक मोजावयाचे आणि पाय खाली घ्यावयाचा, एवढ्याने मांडीचे स्नायू बळकट होऊन गुडघ्याला आधार मिळतो. ज्यांचे वजन जास्त आहे त्यांनी एक लक्षात ठेवावे: एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार उतरतो. त्यानंतर घरातल्या युक्त्या सांगाव्यात. ओट्याला आवळून बसवायची खवणी मिळते, ती उभ्याने वापरता येते. भरलेल्या एका बादलीपेक्षा अर्ध्या-अर्ध्या दोन न्याव्यात. पिशवी बोटांत न धरता कोपरापाशी अडकवावी. झाऱ्याच्या, सुरीच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करावी, म्हणजे मूठ घट्ट आवळावी लागत नाही. कमोडची खुर्ची ही चैन नव्हे. तिच्यावाचून कितीजणी पाणी पिणे कमी करतात, हे आपण बायकाच जाणतो. शेवटी प्रत्येकीने पुढल्या पंधरवड्याचा आपला एक नेम सांगावा आणि तो वहीत लिहावा.

गटाच्या प्रमुख दोन असाव्यात, म्हणजे एकीचे दुखणे उसळले तर दुसरी गट चालवील. दर सहा महिन्यांनी त्या बदलाव्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना अधूनमधून बोलवावे आणि आपले प्रश्न आधी लिहून ठेवावेत. शहरात तपासणीला जावयाचे असेल तर तिघी-चौघींनी मिळून एक गाडी करावी. खर्च वाटला जातो आणि सोबतही होते. आणि ज्या भगिनीला येथवर चालवत नाही, तिच्याकडे पाळीपाळीने दोघींनी जावे. तिच्या ओटीवर जमावे.

गटाचे काम कोठे थांबते तेही सांगितले पाहिजे. गट म्हणजे दवाखाना नव्हे. सांधा एकाएकी लाल होऊन सुजला, तापला आणि अंगात ताप भरला, तर पंधरवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. एकीचे औषध दुसरीने घेऊ नये. आणि ज्या सुनेची बोटे सकाळी वळत नाहीत, तिला गटात बसवून ठेवण्याआधी तज्ज्ञाकडे पाठवावे.

येथे बसलेल्या ज्या भगिनींचे सांधे अजून ठणठणीत आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. आमवात बाहेरून दिसत नाही. आज जी बाई पाणी ओढते तिला उद्या कप धरवत नाही, आणि परवा ती पुन्हा काम करते. याला ढोंग समजू नका. घरातल्या पुरुषांनाही हे सांगा. “कसे आहे?” असे विचारून पुढे जाण्यापेक्षा “आज नारळ मी खवते” असे म्हणावे.

आचऱ्याच्या माणसांना एकत्र येणे मी काय शिकवावे! श्री रामेश्वराचा कौल झाला की आपण सारा गाव सोडून वेशीबाहेर राहुट्या ठोकतो. तीन दिवस, तीन रात्री. त्या गावपळणीत लेकुरवाळी येते, गुरे-ढोरे येतात, कोंबड्या येतात. ज्या आजीला चालवत नाही तिला काय आपण घरी ठेवतो? तिला गाडीत बसवतो, उचलून नेतो, पण नेतो. गावपळणीला जी माणसे मागे राहत नाहीत, ती एरवी वर्षानुवर्षे आपापल्या ओटीवर मागे राहतात, हे मला पटत नाही.

अध्यक्षबाईंच्या परवानगीने दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांना गटात यावयाचे आहे त्यांनी आपले नाव आणि वाडी लिहावी. ज्यांना लिहिताना बोटे दुखतात त्यांनी नाव सांगावे, आम्ही लिहून घेऊ. आणि प्रत्येकीने आज न आलेल्या एका शेजारणीचे नावही द्यावे. पहिली बैठक येत्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजता होईल. चहाची व्यवस्था मी करीन.